शेवटची पोच कोणाची?
दोन मेल सर्व्हरच्या मध्ये अडकणाऱ्या पत्रांचा आढावा

पुरवठादार म्हणतो, ‘मेल पाठवला.’ ग्राहक म्हणतो, ‘मिळालाच नाही.’ बहुतेक वेळा दोघेही खरे बोलत असतात. पाठवणाऱ्याकडून पत्र निघालेले असते, घेणाऱ्यापर्यंत पोचलेले नसते आणि मधल्या चार-सहा सर्व्हरपैकी एखाद्यावर ते पडून असते. मोठी कंपनी, बँक, विद्यापीठ किंवा सरकारी खाते, कुठेही आज मेल एका उडीत दुसऱ्या टोकाला जात नाही. आतला मायक्रोसॉफ्टचा एक्स्चेंज सर्व्हर, त्याच्यापुढे स्पॅम गाळणारा गेटवे, क्लाउडवरची मेल सेवा, पगारपत्रके आणि बिले पाठवणारे सॉफ्टवेअर, मजकूर स्कॅन करून मेल करणारा कोपऱ्यातला प्रिंटर, या सगळ्या यंत्रणा एकमेकींना जोडलेल्या असतात. कोणाकडून मेल घ्यायचा, कोणाला द्यायचा, कोणत्या अटींवर द्यायचा, हे ठरवणाऱ्या या जोडणीला कनेक्टर म्हणतात. मेल अडकण्याचे बहुतेक प्रकार याच सांध्यांवर घडतात.

या प्रकारांवर चाळीसहून अधिक वर्षांचा अनुभव जमा आहे. कारणे अनेक आहेत, साधनेही पुष्कळ आहेत. तरी अजून कित्येक ठिकाणी तपास सुरू होतो तो सर्व्हर रीस्टार्ट करून आणि संपतो तो ‘आमच्याकडून गेला आहे, तुमच्याकडे बघा’ या उत्तराने. या आढाव्याचा आग्रह एकच आहे: दोष कोणाचा हे नंतर पाहू, आधी त्या पत्राची शेवटची पोच कोणी दिली ते शोधू.

पोच म्हणजे जबाबदारी

इंटरनेटवरचा मेल ज्या नियमांनी चालतो ते एसएमटीपीचे नियम जॉन पोस्टेल यांनी ऑगस्ट १९८२मध्ये ‘आरएफसी ८२१’ या दस्तऐवजात मांडले. आज लागू असलेली आवृत्ती, ‘आरएफसी ५३२१’, ऑक्टोबर २००८ची आहे. मूळ संवाद मात्र जवळजवळ तसाच राहिला आहे, आणि कोणालाही तो डोळ्यांनी पाहता येतो. पाठवणाऱ्या सर्व्हरवरून समोरच्याच्या पोर्ट २५वर टेलनेट केले की तिकडून २२० हा आकडा आणि सर्व्हरचे नाव येते. आपण ‘ईएचएलओ’ टाइप करून आपले नाव सांगतो. समोरचा २५० म्हणतो आणि आपल्याला काय काय जमते त्याची यादी देतो: पत्राचा कमाल आकार, स्टार्टटीएलएस (म्हणजे जोडणी एन्क्रिप्ट करण्याची सोय), इतर सोयी. मग ‘मेल फ्रॉम’ने पाठवणाऱ्याचा पत्ता द्यायचा, ‘आरसीपीटी टू’ने घेणाऱ्याचा. प्रत्येक वेळी २५० आले, तर ‘डेटा’ म्हणायचे. ३५४ आले की मजकूर लिहायचा, आणि शेवटी एका ओळीवर फक्त एक टिंब ठेवून एंटर दाबायचे. त्यानंतर येणारा २५० हा खरा महत्त्वाचा. ती पोच.

या शेवटच्या २५०ला नियमांमध्ये ठाम अर्थ आहे. तो म्हणणाऱ्या सर्व्हरने पत्राची जबाबदारी घेतली. आता त्याने ते पुढे पोचवावे, नाहीतर पोचवता आले नाही असे पाठवणाऱ्याला कळवावे. ट्रान्सपोर्टचा माल एका गोडाउनमधून दुसऱ्यात जाताना बिल्टीवर सही-शिक्का पडतो आणि तिथून पुढे तो माल सही करणाऱ्याच्या अंगावर असतो, तसेच हे.

उत्तरांचे बाकीचे दोन वर्गही तितकेच स्पष्ट आहेत. ४ने सुरू होणारा आकडा म्हणजे ‘आत्ता जमत नाही, थोड्या वेळाने या’. ५ने सुरू होणारा म्हणजे ‘नाही’. ४ मिळालेले पत्र पाठवणाऱ्याकडेच रांगेत, म्हणजे क्यूमध्ये, राहते. किती वेळ राहावे? दोन प्रयत्नांत किमान अर्धा तास ठेवा आणि किमान चार-पाच दिवस हार मानू नका, असे आरएफसी सांगते. प्रत्यक्षात पोस्टफिक्स हा मेल सर्व्हर मुळात पाच दिवस थांबतो, एक्स्चेंज सर्व्हर दोन दिवस, तर मायक्रोसॉफ्टची क्लाउडवरची एक्स्चेंज ऑनलाइन सेवा एकच दिवस. दिवाळीच्या सुट्टीत कार्यालयातला सर्व्हर तीन दिवस बंद पडला, तर काही ठिकाणांहून आलेली पत्रे सुट्टीनंतर सुखरूप येतात आणि काही आधीच बाउन्स होऊन परत गेलेली असतात, त्याचे कारण हेच.

या नियमांच्या मागची भूमिकाही समजून घ्यायला हवी. शेवटच्या टिंबानंतर समोरचा सर्व्हर पत्र तपासण्यात फार वेळ घालवू लागला, तर पाठवणारा कंटाळून जोडणी तोडतो आणि तेच पत्र पुन्हा पाठवतो. घेणाऱ्याला एकच मेल दोनदा, तीनदा मिळतो. क्रेग पार्ट्रिज यांनी १९८८मध्ये ‘आरएफसी १०४७’ लिहून या दोषाकडे लक्ष वेधले. पोच मिळाली नाही तर पत्र गेले नाही असे धरायचे, हा बांधणीचा पाया आहे. पत्र एकाऐवजी दोनदा गेले तरी चालेल, हरवता कामा नये. म्हणूनच ‘मेल हवेत विरला’ हे स्पष्टीकरण कोणी देऊ नये आणि कोणी स्वीकारूही नये.

कनेक्टर आले कुठून

ऐंशीच्या दशकात मेलचे एकच जाळे नव्हते. यूयूसीपी, एक्स.४०० आणि निरनिराळ्या कंपन्यांच्या बंदिस्त पद्धती शेजारी शेजारी नांदत होत्या. भारतात त्याच दशकाच्या उत्तरार्धात अर्नेट प्रकल्पाखाली मुंबईतली एनसीएसटी आणि आयआयटी यांच्यात टेलिफोनच्या डायल-अप जोडणीवरून मेल जाऊ लागला, आणि परदेशी जाणाऱ्या मेलचे दारही एनसीएसटीतच होते. भिन्न जाळ्यांच्या सीमेवर भाषांतर करणारा दुवा लागे. १९९६मध्ये आलेल्या पहिल्या एक्स्चेंज सर्व्हरमध्ये म्हणूनच एक्स.४००साठी वेगळा कनेक्टर होता आणि इंटरनेट मेलसाठी वेगळा. पुढे सगळे जग एसएमटीपीवर आले आणि भाषांतराची गरज संपली. कनेक्टर मात्र राहिले, कारण आता प्रश्न विश्वासाचा झाला होता. एक्स्चेंज २००७पासून पाठवणारा सेंड कनेक्टर आणि घेणारा रिसीव्ह कनेक्टर अशी विभागणी रूढ झाली, ती आजही तशीच आहे.

अडण्याच्या जागा

पहिली जागा रस्त्याची. डोमेनचा मेल कोणत्या सर्व्हरने घ्यायचा हे डीएनएसमधली एमएक्स नोंद सांगते. आतल्या डीएनएसमध्ये जुनी नोंद राहिली, तर बाहेरच्या जगाला दिसणारे आणि आपल्या सर्व्हरला दिसणारे यात फरक पडतो. नोंद बरोबर असली तरी पोर्ट २५ उघडे असेलच असे नाही. अ‍ॅमेझॉन, गुगल आणि मायक्रोसॉफ्ट या तिन्ही मोठ्या क्लाउड सेवा बाहेर जाणाऱ्या पोर्ट २५वर बंधने घालतात. कार्यालयातून क्लाउडवर हलवलेले सॉफ्टवेअर दुसऱ्या दिवसापासून मेल पाठवेनासे होते ते बहुधा यामुळे. काही फायरवॉल मेलच्या संवादात मध्येच हात घालतात. सिस्कोच्या जुन्या फायरवॉलमागचा सर्व्हर टेलनेटवर ओळखता येतो: २२०नंतर नावाऐवजी ताऱ्यांची ओळ दिसते आणि स्टार्टटीएलएसच्या जागी ‘एक्स’ अक्षरांची माळ. अशा वेळी एन्क्रिप्शनची अट घालणारा कनेक्टर मेल देतच नाही. छोटे मेल जातात आणि मोठ्या अटॅचमेंटचे अडकतात, असे लक्षण दिसले तर मधल्या व्हीपीएनचा एमटीयू, म्हणजे एका पॅकेटचा कमाल आकार, तपासावा.

दुसरी जागा ओळखीची, आणि इथे सर्वांत जास्त वेळ जातो. एक्स्चेंजवर एकाच पोर्टवर अनेक रिसीव्ह कनेक्टर असू शकतात. येणाऱ्या जोडणीसाठी त्यांतला कोणता लागू होईल हे समोरच्याच्या आयपी पत्त्यावरून ठरते, आणि ज्याची आयपीची व्याप्ती सर्वांत अरुंद तो जिंकतो. बिलांच्या सर्व्हरला रिले करण्याची, म्हणजे बाहेरच्या पत्त्यांचा मेल आपल्यामार्फत पुढे पाठवण्याची, परवानगी एका कनेक्टरवर दिलेली असते आणि त्याचा आयपी नंतर कोणीतरी दुसऱ्या, अधिक नेमक्या कनेक्टरमध्ये घातलेला असतो. मग ५५० ५.७.५४, म्हणजे ‘रिले करता येत नाही’, असे उत्तर येते आणि पहिल्या कनेक्टरवरच्या परवानग्या कितीही तपासल्या तरी दोष सापडत नाही.

कार्यालयातला सर्व्हर आणि क्लाउड अशा हायब्रिड मांडणीत ओळख सहसा सर्टिफिकेटवरून पटते. सेंड कनेक्टरवर सर्टिफिकेट देणाऱ्याचे आणि घेणाऱ्याचे नाव अक्षरशः लिहिलेले असते. नूतनीकरणात देणाऱ्या संस्थेने आपल्या मधल्या सर्टिफिकेटचे नाव बदलले की नवे सर्टिफिकेट सर्व्हरवर असूनही कनेक्टरला सापडत नाही आणि रांग वाढू लागते. उलट दिशेने, क्लाउडला पाठवणाऱ्याची ओळख पटली नाही, तर तो मेल कोणा परक्याचा समजून ५.७.६४ या आकड्यासह रिले नाकारला जातो. हा दोष पुढे अधिक वारंवार दिसेल. जाहीर टीएलएस सर्टिफिकेटची कमाल मुदत मार्च २०२६मध्ये २०० दिवसांवर आणि मार्च २०२९मध्ये ४७ दिवसांवर आणण्याचे ठरले आहे. वर्षातून एकदा हाताने करायचे काम तेव्हा वर्षातून आठ वेळा येईल.

तिसरी जागा फेऱ्यांची. अर्धे मेलबॉक्स क्लाउडवर, अर्धे कार्यालयात, आणि दोन्हीकडे ‘आपल्याकडे नसेल तर पलीकडे द्या’ अशी सेटिंग. नोकरी सोडून गेलेल्या माणसाच्या नावाचा मेल आला, की पहिला दुसऱ्याकडे देतो, दुसरा पहिल्याकडे. प्रत्येक फेरीत पत्राच्या हेडरमध्ये ‘रिसीव्ह्ड’ची एक ओळ वाढते आणि मर्यादा ओलांडली की ५.४.१४ येते. उपाय सोपा आहे: पत्त्यांची पूर्ण यादी ज्याच्याकडे आहे त्या एकाच बाजूला शेवटचा निर्णय द्यावा.

चौथी जागा क्षमतेची. रांगेचा डेटाबेस ज्या डिस्कवर आहे ती भरत आली, की एक्स्चेंज स्वतःहून नवे मेल घेणे थांबवतो आणि ४५२ ४.३.१ म्हणू लागतो. डिस्क मोकळी करताच मेल वाहू लागतात. आकाराबद्दल एवढेच लक्षात ठेवावे की अटॅचमेंट मेलमध्ये जाताना साधारण एक तृतीयांशाने फुगते. २५ एमबीच्या मर्यादेत २० एमबीची फाइल बसत नाही.

पाचवी जागा विश्वासार्हतेची. एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या तीन पद्धतींनी पाठवणारा खरा आहे का ते पाहिले जाते. एप्रिल २०१४मध्ये याहूने आपल्या डोमेनसाठी डीमार्कचे धोरण ‘नाकारा’ असे केले आणि जगभरच्या मेलिंग लिस्ट अडखळल्या. फेब्रुवारी २०२४पासून गुगल आणि याहू मोठ्या प्रमाणावर मेल पाठवणाऱ्यांकडून या तिन्ही गोष्टी मागू लागले. गुगलने त्यासाठी दिवसाला ५,००० मेलची रेषा आखली. कनेक्टरशी याचा थेट संबंध आहे. मेल नव्या गेटवेतून जाऊ लागला आणि त्याचा आयपी एसपीएफ नोंदीत नसला, तर एसपीएफ चुकते. डीकेआयएमची सही झाल्यावर पुढच्या गेटवेने खाली कायदेशीर तळटीप जोडली, तर सही चुकते. एसपीएफ नोंद तपासताना डीएनएसच्या दहाच शोधांची मुभा असते, आणि एकेक सेवा जोडत जाताना ती कधी संपली हे कोणाच्या ध्यानात येत नाही.

सहावी जागा मजकुराची. एसएमटीपीत प्रत्येक ओळ सीआर आणि एलएफ या दोन खुणांनी संपायला हवी. जुनी स्क्रिप्ट फक्त एलएफ लिहीत असेल, तर एक्स्चेंज ऑनलाइनमधून बाहेर जाणारा मेल ५.६.११ म्हणत परत येऊ शकतो. डिसेंबर २०२३मध्ये याच ढिलाईचा वापर करून खोटे मेल घुसवण्याची ‘एसएमटीपी स्मगलिंग’ ही पद्धत उघड झाली आणि इतर सर्व्हरही कडक झाले. वर्षानुवर्षे चाललेली स्क्रिप्ट अचानक थांबली, म्हणजे तिच्यात काही बदलले असेल असे नाही. बऱ्याचदा पलीकडचे जग बदललेले असते.

१ जानेवारी २०२२

कनेक्टर पूर्ण निर्दोष असूनही मेल कसे थांबतात, याचे सर्वांत स्वच्छ उदाहरण या दिवसाने दिले. शनिवार होता, नव्या वर्षाचा पहिला. जगभरच्या एक्स्चेंज २०१६ आणि २०१९ सर्व्हरवर मेल साचू लागले. पोर्ट २५ उघडे होते, टेलनेटवर शेवटचा २५० येत होता, सर्टिफिकेट ठीक होती. पण आत घेतलेले पत्र पुढे सरकत नव्हते. इव्हेंट लॉगमध्ये एक ओळ होती: २२०१०१०००१ या संख्येचे रूपांतर करता येत नाही.

ही संख्या मालवेअर शोधणाऱ्या घटकाच्या नव्या फाइलची आवृत्ती होती. पहिले दोन आकडे वर्षाचे, मग महिना, मग दिवस, मग अनुक्रमांक. ती ज्या ३२ बिटांच्या जागेत ठेवली जात होती तिथे २,१४,७४,८३,६४७पेक्षा मोठी संख्या मावत नाही. २०२१चा शेवटचा दिवस मावत होता, २०२२चा पहिला मावला नाही. स्कॅनर कोसळला, आणि न तपासलेले पत्र पुढे द्यायचे नाही या नियमाप्रमाणे सर्व्हरने सगळे थांबवून ठेवले. मायक्रोसॉफ्टने दिलेल्या दुरुस्तीत नवी आवृत्ती २११२३३०००१ अशी क्रमांकित केली, म्हणजे तारीख म्हणून वाचली तर ३३ डिसेंबर २०२१. संख्या मर्यादेत राहिली आणि रांगा ओसरू लागल्या.

या घटनेतून दोन गोष्टी घेण्यासारख्या आहेत. शेवटची पोच आपल्याच सर्व्हरची असल्याने शोध आपल्याच घरात व्हायला हवा होता. ज्यांनी त्या सकाळी फायरवॉल आणि डीएनएस तपासण्यात तास घालवले त्यांनी ‘शेवटची पोच कोणाची?’ हा प्रश्न विचारला नव्हता. आणि दुसरे, पत्रे हरवली नाहीत. रांगेत थांबली आणि पोचली. बांधणीने आपले काम केले.

तपासाचा क्रम

यातून क्रम आपोआप ठरतो. आधी एक नेमके पत्र घ्यावे: कोणाकडून, कोणाला, किती वाजता. ‘मेल येत नाहीत’ या तक्रारीचा तपास होत नाही, एका पत्राचा होतो. बाउन्स आला असेल तर तो पूर्ण वाचावा. वरची सोपी भाषा सोडून खालचा तीन भागांचा आकडा आणि तो कोणत्या सर्व्हरने दिला ते पाहावे. नंतर पाठवणाऱ्या बाजूच्या मेसेज ट्रॅकिंग लॉगमध्ये त्याचा मेसेज-आयडी शोधावा. एक्स्चेंज सर्व्हर हा लॉग मुळात ३० दिवस ठेवतो, एक्स्चेंज ऑनलाइनवर ९० दिवसांपर्यंत मागचा माग काढता येतो. ‘सेंड’ची नोंद आणि समोरच्याचा २५० सापडला, तर तो पुरावा वेळेसह पलीकडच्याला द्यावा आणि शोध तिकडे न्यावा. ‘डिफर’ असेल तर रांगेतला शेवटचा एरर वाचावा. काहीच नसेल तर पत्र आपल्यापर्यंत आलेच नाही. एक पायरी मागे जावे. एखादे पत्र उशिरा पोचले असेल, तर त्याच्या हेडरमधल्या ‘रिसीव्ह्ड’च्या ओळी खालून वर वाचाव्यात, ज्या दोन ओळींच्या वेळांत मोठी फट दिसते, तिथे ते थांबलेले असते. वेळेसोबतचा टाइमझोन पाहायला मात्र विसरू नये.

प्रोटोकॉल लॉग हा या सगळ्यातला सर्वांत बोलका साक्षीदार. दोन सर्व्हरमधला संवाद त्यात ओळीओळीने असतो. पण एक्स्चेंजवर नव्याने बनवलेल्या कनेक्टरसाठी तो मुळात बंद असतो, आणि अडचण आल्यावर सुरू केला तर गेलेला क्षण सापडत नाही. कनेक्टर बनवतानाच तो सुरू करावा.

वादाचे मुद्दे

जाणत्यांमध्ये खरे मतभेद दोन गोष्टींवर आहेत. एन्क्रिप्शन सक्तीचे असावे की जमले तर, हा पहिला. सक्ती असेल तर सर्टिफिकेट चुकले की मेल थांबतो. नसेल तर मेल जातो, पण उघडा. बँका, रुग्णालये, न्यायालये यांच्यातल्या जोडणीवर सक्तीच हवी, आणि तिच्यासोबत सर्टिफिकेटवर रोजची नजर हवी. मेल अडला की सक्ती काढून टाकायची हा उपाय नव्हे.

दुसरा मुद्दा संशयास्पद मेलचा. तो दारातच ५५० म्हणून नाकारावा, की २५० म्हणून आत घ्यावा आणि गुपचूप टाकून द्यावा? दुसऱ्या मार्गाच्या बाजूने सांगितले जाते की खोट्या पाठवणाऱ्यांना बाउन्स पाठवल्याने निष्पापांच्या मेलबॉक्समध्ये कचरा होतो. हे खरे आहे. पण जोडणी चालू असतानाच नाकारले, तर बाउन्स तयार करायची वेळच आपल्यावर येत नाही. पोच देऊन पत्र नाहीसे करणे हा मात्र या व्यवस्थेतला सर्वांत मोठा विश्वासघात आहे, कारण मग पाठवणाऱ्याला काहीच कळत नाही. निविदेचा मेल, नियुक्तीचे पत्र, रुग्णाचा अहवाल यांची किंमत गाळणीला ठाऊक नसते.

देवनागरी पत्त्यांची वाट

आपल्यासाठी एक जागा अजून अर्धी बंद आहे. मराठी, कोकणी, हिंदी अशा देवनागरी भाषांसाठी ‘.भारत’ हे डोमेन २०१४मध्ये खुले झाले. देवनागरी मेल पत्त्याचे नियम त्याआधीच, फेब्रुवारी २०१२मध्ये ‘आरएफसी ६५३०’ आणि तिच्या पुढच्या दस्तऐवजांत आले होते. जीमेलने असे पत्ते स्वीकारायला २०१४मध्ये सुरुवात केली, पोस्टफिक्सने २०१५च्या आवृत्तीत, एक्स्चेंज सर्व्हरने २०१९च्या. तरी देवनागरी पत्त्याचा मेल अनेकदा ५.६.७ घेऊन परत येतो. कारण साखळीतल्या प्रत्येक सर्व्हरने ईएचएलओच्या उत्तरात ‘एसएमटीपीयूटीएफ८’ म्हणायला हवे. दोन्ही टोके आधुनिक असली आणि मधला एक जुना गेटवे ते म्हणत नसला, तर पत्र तिथेच थांबते. हे सोडवायला नवे संशोधन लागत नाही. प्रत्येक कार्यालयाने आपल्या साखळीतला प्रत्येक दुवा एकदा टेलनेटने विचारून पाहावा आणि मागे राहिलेला बदलावा.

मेल व्यवस्था सांभाळणाऱ्या सर्वांना विनंती एवढीच: प्रत्येक कनेक्टरचा लॉग सुरू ठेवा, सर्टिफिकेटच्या तारखा एका जागी लिहून ठेवा, आणि ज्याला नाकारायचे आहे त्याला दारातच नाकारा. एकदा २५० म्हणालात की ते पत्र तुमचे आहे. ते पोचेपर्यंत किंवा परत गेल्याचे कळवेपर्यंत त्याचा जाब तुम्हीच द्यायचा आहे.